कडेला कड, मधे फट
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

व्हेक्टर कामातल्या, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा आणि आकारांनी काढलेल्या चित्रांतल्या, बारीक फटींबद्दल बरेच प्रश्न साठले होते. ते सगळे या अंकात एकत्र घेतले आहेत. पत्रांत तक्रार एकच असते, 'दोन आकारांच्या मधे रेघ दिसते', पण दुखणी मात्र वेगळी असतात. कुणाची रेघ फक्त पडद्यावर असते, कुणाच्या चित्रातच फट असते, तर कुणाच्या फाइलमध्ये काहीच खोट नसते आणि फट यंत्रावर पडते. औषधही त्याप्रमाणे बदलतं, म्हणून आपला प्रश्न नसला तरी शेजारचं उत्तर वाचायला हरकत नाही.

इलस्ट्रेटरमध्ये पानाच्या आकाराचा लोगो केला आहे. डावा अर्धा भाग गडद हिरवा, उजवा थोडा फिका. दोन्ही भाग स्नॅप करून तंतोतंत जुळवले आहेत, तरी पीडीएफमध्ये मधोमध पांढरी रेघ दिसते. ग्राहक म्हणतो लोगो फुटलाय. छापल्यावर ही रेघ येईल का?
(पुणे)

आधी झूम करून बघा. १०० टक्क्यांना रेघ जेवढी जाड दिसते तेवढीच ८०० टक्क्यांना आणि ६४०० टक्क्यांनाही दिसली, तर तिथे फट नाही. खरी फट झूमबरोबर रुंदावत जाते. खात्रीसाठी कंट्रोल+वाय दाबून आउटलाइन व्ह्यूमध्ये जा. तिथे जोडावर एकच रेघ दिसली तर दोन्ही कडा एकमेकींवर बसल्या आहेत. दोन रेघा दिसल्या तर फट खरी आहे.

तुमच्या वर्णनावरून हे पहिल्या प्रकारचं प्रकरण वाटतं. कडा मऊ दिसाव्यात म्हणून पडद्यावर अँटी-एलियासिंग केलं जातं, आणि घोळ तिथेच होतो. जोड ज्याच्या बरोबर मधून जातो असा एक पिक्सेल घ्या. डाव्या आकाराने त्याचा अर्धा भाग व्यापला आहे, म्हणून प्रोग्राम त्यात ५० टक्के हिरवा मिसळतो आणि ५० टक्के पांढरा शिल्लक राहतो. मग उजवा आकार येतो. त्यानेही अर्धाच पिक्सेल व्यापला आहे. पण उरलेला पांढरा नेमका आपल्याच अर्ध्यात आहे हे प्रोग्रामला ठाऊक नसतं. जे आहे त्याच्या अर्ध्यावर तो रंग चढवतो, म्हणजे पांढरा ५० चा २५ होतो. भूमितीप्रमाणे जिथे शून्य पांढरा असायला हवा तिथे पाव पांढरा उरला, आणि तीच तुमची रेघ. जोड पिक्सेलमधून ९०-१० असा गेला तर पांढरा फक्त ९ टक्के उरतो. पिक्सेलच्या हद्दीवरूनच गेला तर काहीच उरत नाही. म्हणून झूम बदलला की उभ्या जोडावरची रेघ येते-जाते आणि तिरप्या जोडावरची कायम राहते.

ग्राहकाला पटवायचं असेल तर अ‍ॅक्रोबॅटच्या प्रेफरन्सेसमध्ये पेज डिस्प्लेखालची 'स्मूद लाइन आर्ट' ही खूण काढून दाखवा. कडा खडबडीत होतील, पण रेघ गायब होईल.

ऑफसेटला ही रेघ येत नाही. प्लेट काढणारं रिप (फाइलचे छपाईचे ठिपके करणारा प्रोग्राम) अँटी-एलियासिंग करत नाही, शिवाय पीडीएफचा नियमच असा आहे की आकार ज्या ठिपक्याला स्पर्श करेल तो ठिपका पूर्ण रंगतो. त्यामुळे जोडावर फट पडण्याऐवजी एखाद्या ठिपक्याचा ओव्हरलॅपच होतो. मात्र हाच लोगो तुम्ही जेपीजी करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलात किंवा फ्लेक्सवाल्याला जेपीजी दिलीत, तर रेघ चित्रात कायमची भाजली जाते आणि मग ती छापूनही येते. पीएनजी काढताना अँटी-एलियासिंगमध्ये 'टाइप ऑप्टिमाइझ्ड' न ठेवता 'आर्ट ऑप्टिमाइझ्ड' निवडा. तरीही रेघ राहिली तर अँटी-एलियासिंग 'नन' करून चौपट मापात काढा आणि मग फोटोशॉपमध्ये किंवा गिंपमध्ये पाव मापाला आणा. कडा मऊही होतात आणि रेघही जाते.

हे झाले वरवरचे उपाय. लोगो दहा ठिकाणी दहा प्रोग्रामांत उघडला जाणार, आणि प्रत्येकाचं सेटिंग आपल्या हातात नसतं. म्हणून फाइलच अशी करा की पांढरा दिसायला जागाच उरणार नाही. सगळे भाग निवडून कंट्रोल+सी आणि मग कंट्रोल+बी करा, म्हणजे प्रत बरोबर मागे बसेल. निवड तशीच ठेवून पाथफाइंडरमधलं युनाइट दाबा. आता मागे संपूर्ण पानाचा एकसंध आकार आहे. त्याला दोनपैकी गडद हिरवा द्या. पुढची पायरी बरेच जण विसरतात: हा आकार ऑफसेट पाथने उणे ०.२५ पॉइंट आत घ्या. तसं केलं नाही तर बाहेरच्या कडेवर दोन आकारांचं अँटी-एलियासिंग एकावर एक चढतं आणि फिक्या भागाभोवती गडद किनार दिसते. ऑफसेट पाथ नवा आकार करतो पण जुनाही तसाच ठेवतो, तेव्हा जुना पुसायला विसरू नका. आता जोडावर पाव भाग पांढरा न दिसता पाव भाग हिरवा दिसेल, म्हणजे नजरेला काहीच दिसणार नाही.

दोन्ही भाग एकाच रंगाचे असते तर एवढाही खटाटोप नको होता. सरळ युनाइट करायचं. कंपाउंड पाथ केला तरी चालतं, कारण एका पाथच्या आतले जोड प्रोग्राम एकत्रच मोजतो.

पीडीएफ एक्स-१ए केली की सावलीच्या आसपास पांढऱ्या रेघांचं जाळं दिसतं. मूळ फाइलमध्ये एकही नाही.
(नाशिक)

एक्स-१ए हा छपाईसाठीचा पीडीएफचा प्रकार आहे आणि त्यात पारदर्शकता चालत नाही. म्हणून सावली, अपारदर्शकता आणि मल्टिप्लाय यांचे तुकडे करून ते कडेला कड लावून मांडले जातात. प्रत्येक जोडावर वरच्या उत्तरातला पाव पांढरा दिसतो. प्रेसला विचारून एक्स-४ द्या. त्यात पारदर्शकता जिवंत राहते, त्यामुळे तुकडेही होत नाहीत. प्रेसचा आग्रह एक्स-१एचाच असेल तर त्या रेघा पडद्यापुरत्या आहेत असं समजा, पण पहिल्यांदा एक प्रूफ काढून बघा.

गोल बोधचिन्हात मंडळाचं नाव वर्तुळावर बसवलं की शिरोरेघ अक्षराअक्षराला तुटते. ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) कमी केलं तर खाली अक्षरं एकमेकांत घुसतात. इंग्रजी नाव मात्र छान बसतं.
(कोल्हापूर)

इंग्रजीला शिरोरेघ नाही, म्हणून ते सुटतं. आपल्या लिपीत अक्षरं वरून बांधलेली असतात आणि वर्तुळावर नेमका वरचाच भाग फाकतो.

हिशोब करून पाहा. अक्षरांचा तळ ४० मिमी त्रिज्येच्या वर्तुळावर आहे आणि शिरोरेघ तळापासून ८ मिमी वर आहे. म्हणजे शिरोरेघ ४८ मिमी त्रिज्येच्या वर्तुळावर पडते, आणि तिथलं अंतर तळापेक्षा २० टक्के जास्त आहे. ८ मिमी रुंदीच्या अक्षराला वर ९.६ मिमी रेघ हवी, पण फॉन्टने दिलेली रेघ ८ मिमीच आहे. प्रत्येक अक्षरामागे १.६ मिमी कमी पडतं. ट्रॅकिंगने ते भरायला गेलात तर तळाशी तेवढीच गर्दी होणार.

उपाय तीन आहेत. पहिला झटपट आहे: मजकूर ४० ऐवजी ४८ मिमीच्या वर्तुळावर ठेवा आणि बेसलाइन शिफ्ट (अक्षरं रेषेच्या वर-खाली सरकवणं) उणे ८ मिमी करा, पॉइंटमध्ये साधारण उणे २२.७. आता अंतर शिरोरेघेच्या वर्तुळावर मोजलं जातं, त्यामुळे रेघा टोकाला टोक भिडतात. अक्षरांचे तळ थोडे जवळ येतात. जोडाक्षरं कमी असतील तर ते चालून जातं. मात्र प्रत्येक अक्षराची रेघ सरळच असते, म्हणून लहान वर्तुळावर शिरोरेघ बहुभुजासारखी कोनाकोनाची दिसते.

दुसरा उपाय म्हणजे मजकूर सरळ ओळीत लिहून वॉर्पमधल्या आर्कने वाकवणं. यात शिरोरेघ स्वतः वाकते आणि कुठेच तुटत नाही, पण अक्षरंही वर फाकून तळाशी निमुळती होतात. कोरलड्रॉ वापरणाऱ्यांनी यासाठी एन्व्हलप वापरावं.

तिसरा उपाय मेहनतीचा, पण बोधचिन्हासाठी आमची पसंती यालाच. मजकूर वर्तुळावर मनासारखा बसवा आणि शिरोरेघ तुटतेय तर तुटू द्या. मग कंट्रोल+शिफ्ट+ओ दाबून अक्षरांच्या आउटलाइन करा. शिरोरेघेची जाडी मोजा, समजा १.४ मिमी आली. तळ आणि शिरोरेघेचा मध्य यांतलं अंतर त्रिज्येत मिळवून त्या मापाचं वर्तुळ काढा, त्याला १.४ मिमीचा स्ट्रोक (कडेची रेघ) द्या आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंतचा कंस ठेवून बाकीचा कापून टाका. कंसाला आउटलाइन स्ट्रोक करा आणि अक्षरांसह सगळं युनाइट करा.

इथे एक खड्डा आहे. ध, भ आणि थ या अक्षरांच्या डोक्यावर शिरोरेघ मुळातच पूर्ण नसते. कंस सरसकट ओढलात तर 'ध'चा 'घ' आणि 'भ'चा 'म' होतो. 'भगवा' लिहायला जावं आणि 'मगवा' छापून यावं असा प्रकार. त्या अक्षरांपाशी कंस तोडा. शब्दांच्या मधेही तोडा, नाहीतर सगळं नाव एकच शब्द होऊन बसेल.

वर्तुळाच्या खालच्या अर्ध्यात, अक्षरांची डोकी केंद्राकडे असतात तेव्हा, उलट होतं. तिथे शिरोरेघ आतल्या लहान वर्तुळावर येते आणि रेघा एकमेकींवर चढतात. फट पडत नाही. फक्त युनाइट करायला विसरू नका.

सरळ ओळीतही शिरोरेघेवर ठिपके दिसतात. कोरलमध्ये कर्व्ह केल्यावर तिथे पांढरे चौकोन आले.
(सोलापूर)

चांगल्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. फट पडू नये म्हणूनच ती तशी केलेली असते. पण कंट्रोल+क्यूने कर्व्ह केल्यावर सगळी अक्षरं एकाच कर्व्हमध्ये जातात, आणि त्यात दोनदा झाकलेला भाग 'रिकामा' धरला जाऊ शकतो. तेच तुमचे पांढरे चौकोन. प्रॉपर्टीजच्या फिलमध्ये 'फिल वाइंडिंग' निवडा, चौकोन भरतील. मग तोच एक ऑब्जेक्ट निवडून वेल्ड (कोरलमधलं युनाइट) करा, ओव्हरलॅप कायमचे जातील. ब्रेक अपार्ट करू नका. काने, मात्रा, अनुस्वार आणि अक्षरांतली पोकळी हे सगळे सुटे होतात आणि ते परत जुळवता जुळवता दिवस जातो.

पांढऱ्याऐवजी गडद ठिपके दिसत असतील तर अक्षरांना अपारदर्शकता कमी दिली आहे आणि ओव्हरलॅपवर रंग दुप्पट चढतो आहे. त्यालाही औषध तेच: आधी वेल्ड, मग पारदर्शकता. अक्षरांना बाहेरून किनार द्यायची असली तरी क्रम हाच ठेवा, नाहीतर किनार प्रत्येक जोडावर आतून फिरेल.

जुने नॉन-युनिकोड फॉन्ट वापरत असाल तर आणखी एक गोष्ट बघा. त्यांत काना, वेलांटी, अर्धं अक्षर आणि त्याचा दंड असे सुटे तुकडे असतात. त्यामुळे ट्रॅकिंग जरा वाढवलं की फट अक्षराच्या पोटात पडते, 'ग'चा दंड वेगळा आणि गाठ वेगळी. देवनागरीला ट्रॅकिंग शून्यच ठेवावं. ओळ भरायची असेल तर शब्दांतलं अंतर वाढवा.

पैठणीच्या काठावरच्या मोराचा फोटो ट्रेस केला. पिसांच्या रंगांमध्ये सगळीकडे पांढऱ्या भेगा आल्या. झूम केलं की त्या मोठ्या होतात, म्हणजे खऱ्या आहेत. हाताने भरत बसायचं का?
(येवला)

नको. ट्रेस पुन्हा करा, ते लवकर होईल.

ट्रेस करणारा प्रोग्राम प्रत्येक रंगाचा भाग वेगळा काढतो आणि त्याची कड गुळगुळीत करतो. हिरवा आणि निळा यांची सीमा फोटोत एकच असते, पण हिरव्याची कड वेगळी गुळगुळीत होते आणि निळ्याची वेगळी. दोन वक्रांचे नोड, म्हणजे बिंदूही, वेगळ्या जागी पडतात, मग त्या कडा जुळणार कशा? म्हणून कडेला कड लावणारी पद्धत सोडून एकाखाली एक सरकवणारी पद्धत घ्या. कौलं शाकारताना आपण कडेला कड लावत नाही, वरचं कौल खालच्यावर चढवतो, तसंच हे. इलस्ट्रेटरच्या इमेज ट्रेसमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड उघडून मेथड 'अबटिंग'वरून 'ओव्हरलॅपिंग'वर न्या. इंकस्केपमध्ये ट्रेस बिटमॅपच्या मल्टिकलर भागात 'स्टॅक' ही खूण ठेवा. कोरलच्या पॉवरट्रेसमध्ये 'रिमूव्ह ऑब्जेक्ट ओव्हरलॅप' ही खूण काढा.

फोटोवरही थोडं काम करा. विणकामाचा पोत आणि जेपीजीमुळे येणारा कचरा यांमुळे सीमेवर मधल्याच रंगाची पट्टी तयार होते, आणि ट्रेस तिचा वेगळा, केसासारखा आकार करतो. फोटो लांब बाजूने किमान २,००० पिक्सेल असू द्या. थोडा ब्लर देऊन पोत घालवा आणि रंग आधीच ६ ते ८ वर आणा. इमेज ट्रेसमधला नॉइज वाढवलात तर बारीक तुकडे आपोआप गळतील.

मूळ फोटो हाताशी नाही आणि भेगांचं चित्रच दुरुस्त करायचं आहे, असंही होतं. मग पहिल्या उत्तरातला मागचा आकार इथेही चालतो, पण भेगा खऱ्या असल्याने नुसतं युनाइट केलं तर भेगा तशाच राहतात. मागच्या प्रतीला आधी अधिक ०.५ पॉइंट ऑफसेट द्या, जुनी प्रत पुसा, नव्याला युनाइट करा आणि मग उणे ०.७५ पॉइंट ऑफसेट द्या. १ पॉइंटपर्यंतच्या भेगा बुजतात आणि बाहेरची कड मूळच्या पाव पॉइंट आत येते. जॉइन 'मायटर' ठेवा. 'राउंड' ठेवलंत तर पिसांची टोकं बोथट होतात.

शाईने काढलेल्या रेखाटनात बकेटने रंग भरायला गेलो की रंग भलतीकडेच पसरतो.
(रत्नागिरी)

रेषा कुठेतरी मिटलेली नाही. इलस्ट्रेटरमध्ये सगळ्या रेषा निवडून लाइव्ह पेंट करा आणि ऑब्जेक्ट मेन्यूत लाइव्ह पेंटखालचे गॅप ऑप्शन्स उघडा. गॅप डिटेक्शन चालू करून 'स्मॉल'पासून सुरुवात करा. प्रिव्ह्यूमध्ये सापडलेल्या फटी लाल दिसतात. एकदम 'लार्ज' लावलंत तर जिथे मुद्दाम जागा सोडली आहे तिथेही, समजा डोळ्याच्या कोपऱ्यात किंवा बोटांच्या बेचक्यात, रंग अडेल. लाइव्ह पेंटचा रंग रेषेच्या मध्यापर्यंत जातो, म्हणून दोन रंगांचा जोड रेषेखाली झाकला जातो. काम संपल्यावर एक्सपांड केलंत तरी रेषा वरच राहू द्या.

इंकस्केपची बकेट पडद्यावर दिसणारे पिक्सेल बघून भरते. म्हणून तो भाग पडद्यावर जेमतेम मावेल इतका झूम करा. 'क्लोज गॅप्स' स्मॉल ठेवा आणि 'ग्रो बाय'मध्ये १ पिक्सेल द्या. हा आकडा शून्य राहिला तर रंग आणि रेषा यांच्यामध्ये पांढरा काठ राहतो.

रेषाच जोडायची असेल तर दोन्ही टोकांचे नोड निवडून इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल+शिफ्ट+ऑल्ट+जे. नुसतं कंट्रोल+जे दोन टोकांमध्ये सरळ तुकडा टाकतं, आणि बारीक फटीत तो तुकडा नंतर स्ट्रोक वाढवल्यावर काट्यासारखा बाहेर येतो. कोरलमध्ये जॉइन कर्व्ह्ज डॉकरमध्ये गॅप टॉलरन्स देऊन सगळ्या फटी एका फटक्यात मिटवता येतात. कोरल मूळ सेटिंगमध्ये उघड्या कर्व्हमध्ये रंगच भरत नाही. लोकांना त्याचा राग येतो, पण फट कुठे आहे हे त्यामुळेच कळतं.

मिठाईच्या बॉक्सवर निळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरं होती. फाइल तपासली, फट नव्हती. छापून आल्यावर अक्षरांच्या एका बाजूला पांढरी कड. प्रेस म्हणते फाइलची चूक, डिझायनर म्हणतो मशीनची.
(इचलकरंजी)

पांढरी कड एकाच बाजूला आहे, म्हणजे रजिस्टर हललं. पिवळी प्लेट निळ्याच्या तुलनेत केसभर सरकली. कागद ओलावा घेऊन फुगतो, आणि तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो, म्हणून पावसाळ्यात हे अधिक होतं. मशीन चांगलं असलं तरी थोडं सरकणारच हे धरून फाइल करायची असते. म्हणजे दोष विचाराल तर दोघांकडेही थोडाथोडा जातो.

या तयारीला ट्रॅपिंग म्हणतात. नियम सोपा आहे: फिका रंग गडद रंगात शिरवायचा, कारण डोळ्याला आकार गडद रंगाच्या कडेने कळतो. तुमच्या बाबतीत पिवळ्या अक्षरांना पिवळाच स्ट्रोक द्या, ०.५ पॉइंट, आणि अ‍ॅट्रिब्यूट्स पॅनलमध्ये 'ओव्हरप्रिंट स्ट्रोक' ही खूण करा, म्हणजे स्ट्रोक खालचा निळा न खोडता त्याच्यावर छापला जाईल. स्ट्रोकचा अर्धा भाग अक्षराच्या आत जातो आणि अर्धा बाहेर, म्हणजे ट्रॅप ०.२५ पॉइंट, जवळपास ०.०९ मिमी. चांगल्या ऑफसेटला एवढं पुरतं. स्क्रीन प्रिंटिंगला ०.३ ते ०.५ मिमी लागतं, कापडावर त्याहून जास्त. नक्की आकडा प्रेसलाच विचारा. त्यांचं रिप स्वतः ट्रॅपिंग करत असेल तर तुम्ही वेगळं करू नका, नाहीतर दुहेरी होऊन अक्षरांभोवती हिरवट काजळकड दिसेल.

ओव्हरप्रिंटची खूण राहिली तर काय होतं? पिवळा स्ट्रोक खालचा निळा खोडून काढतो, अक्षर फक्त जाड होतं आणि फट आहे तशीच राहते. हे पडद्यावर कळत नाही. ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू लावला की कडेवर हिरवी बारीक रेघ दिसायला हवी. दिसली नाही तर खूण राहिली आहे.

ट्रॅपिंग टाळायचीही एक युक्ती आहे, आणि ती रंग निवडतानाच करता येते. शेजारच्या दोन रंगांत एक शाई सामायिक ठेवा. लाल (मॅजेंटा १००, यलो १००) आणि पिवळा (यलो १००) शेजारी असले तर पिवळी प्लेट दोन्हींखाली सलग असते. मॅजेंटा हलला तरी मधे पांढरं दिसूच शकत नाही, फार तर पिवळं दिसेल. सायन आणि मॅजेंटा असे दोन निव्वळ रंग शेजारी ठेवलेत तर मात्र फट ठरलेली.

काळी बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत (के १००) ठेवून ओव्हरप्रिंट करा. पण तीच अक्षरं नंतर कुणी पांढरी केली आणि ओव्हरप्रिंटची खूण तशीच राहिली, तर छापताना ती नाहीशी होतात. पांढरी शाई नसतेच, मग ती ओव्हरप्रिंट काय होणार? डॉक्युमेंट सेटअपमध्ये 'डिस्कार्ड व्हाइट ओव्हरप्रिंट' चालू ठेवा.

संकेतस्थळासाठी महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांचा एसव्हीजी नकाशा केला. फाइल हलकी करण्यासाठी सीमा सोप्या केल्या, तर जिल्ह्यांमध्ये फटी पडल्या. काही ठिकाणी जिल्हे एकमेकांवर चढलेही आहेत.
(छत्रपती संभाजीनगर)

फटी आणि ओव्हरलॅप दोन्ही दिसतात, म्हणजे प्रत्येक जिल्हा सुटा सोपा केला गेला आहे. जालना आणि बीड यांची सीमा दोन्हींच्या आकारांत दोनदा आहे. सोपं करताना जालन्यातून एक बिंदू गेला आणि बीडमधून दुसराच. क्यूजीआयएस या नकाशांच्या प्रोग्राममधलं साधं सिम्प्लिफाय असंच एकेक आकार घेऊन चालतं. मॅपशेपर हे नकाशे सोपे करणारं साधन सामायिक सीमा एकदाच धरतं, ती एकदाच सोपी करतं आणि दोन्ही जिल्ह्यांना तीच देतं. मूळ फाइल त्यातून पुन्हा सोपी करून घ्या. बिघडलेली फाइल सुधारत बसू नका.

नंतर फाइल लहान करताना दशांश किती ठेवता हेही महत्त्वाचं. व्ह्यूबॉक्स (एसव्हीजीची आतली चौकट) १,००० रुंदीचा असेल तर २ दशांश पुरतात. २४ रुंदीच्या आयकॉनला मात्र ३ ठेवा. पाथ सापेक्ष अंकांत (आधीच्या बिंदूपासून मोजून) लिहिला असेल तर प्रत्येक बिंदूची काटछाट पुढच्या बिंदूत साठत जाते, आणि साध्या प्रोग्रामांत लांब सीमेच्या शेवटी ती फट म्हणून दिसते.

एवढं करून ब्राउझरमध्ये पुसट रेघा राहतीलच. तोच पाव पांढरा! प्रत्येक जिल्ह्याला त्याच्या भरणाच्याच रंगाचा ०.५ ते १ पिक्सेल स्ट्रोक द्या, लाइनजॉइन राउंड ठेवा आणि व्हेक्टर-इफेक्टला 'नॉन-स्केलिंग-स्ट्रोक' द्या, म्हणजे नकाशा मोबाइलवर लहान झाला तरी स्ट्रोक तेवढाच राहतो. सीमा दाखवायच्याच असतील तर स्ट्रोक पांढरा करा, प्रश्नच मिटला. शेप-रेंडरिंगला 'क्रिस्प-एजेस' द्यायचा सल्ला काही जण देतात. चौकोनी आलेखांना तो ठीक आहे. नकाशावर वापरलात तर कोकणचा किनारा करवतीसारखा दिसेल.

पॅटर्न स्वॉच (एक चौकट पुन्हा पुन्हा लावून भरायची नक्षी) भरला की चौकटीचौकटीला रेघ दिसते.
(पणजी)

चौकटीची मापं पूर्ण पिक्सेलमध्ये ठेवा, २०० गुणिले २०० अशी, १९९.८ नको. एक्स आणि वाय हेही पूर्णांक असू द्या. पार्श्वभूमीचा रंग पॅटर्नमध्ये भरू नका. तो वेगळ्या चौकोनात खाली ठेवा आणि पॅटर्नमध्ये फक्त नक्षी ठेवा. मग जोडावर दिसलाच तर खालचा तोच रंग दिसतो.

व्हिनाइल कटिंगलाही ओव्हरलॅपच ठेवायचा का?
(नांदेड)

एकाच रंगाचं व्हिनाइल असेल तर अजिबात नाही. प्लॉटर रंग बघत नाही, त्याला फक्त रेषा दिसते. एकावर एक चढलेली अक्षरं तो चढलेल्या जागीही कापतो आणि शिरोरेघेचे तुकडे पडतात. आधी सगळं वेल्ड करा, मग वायरफ्रेममध्ये बघा: आत एकही रेघ दिसता कामा नये. ०.१ मिमीची फट राहिली तर पातं जवळजवळ त्याच जागी दोनदा जातं आणि वीडिंग (नको असलेलं व्हिनाइल सोलून काढणं) करताना ती कड उचकटते.

दोन रंगांचं व्हिनाइल एकावर एक चिकटवायचं असेल तर खालचा रंग वरच्याच्या खाली १ ते २ मिमी जाऊ द्या. हाताने चिकटवताना तेवढं इकडेतिकडे होतंच. लेझर कटिंगला पुन्हा वेगळं: शेजारच्या दोन तुकड्यांची कड सामायिक असेल तर दोनपैकी एक रेघ पुसा, नाहीतर किरण तिथून दोनदा जाऊन एमडीएफ काळं पडतं.